पांढरी, गुलाबी, पिवळी: उमेदवाराच्या खर्च नोंदवहीचं परीक्षण

पुण्यात वह्या-रजिस्टरं घ्यायची तर लोक आप्पा बळवंत चौकात जातात. ही वही तिथे मिळत नाही. लोकसभेचा किंवा विधानसभेचा उमेदवारी अर्ज भरला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावरून ती हातात पडते. किंमत शून्य. पानांना क्रमांक घातलेले, अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेली, त्यामुळे चूक झाली म्हणून पान फाडायची सोय नाही. अ भाग पांढऱ्या पानांचा, ब भाग गुलाबी, क भाग पिवळा. निकालानंतर ३० दिवसांच्या आत हीच मूळ वही बिलांसकट जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे परत द्यायची.

तिच्याबद्दल चार शब्द लिहायचं कारण एका विशिष्ट प्रश्नात आहे. एका पातळीवरच्या राजकारणासाठी जमवलेला पैसा दुसऱ्या पातळीवरच्या उमेदवारासाठी वापरला गेला, तर ही वही तो पकडते का? अमेरिकेत राज्याच्या निवडणुकीसाठी गोळा केलेल्या निधीतून केंद्रीय उमेदवाराचा प्रचार केल्याचे आरोप अधूनमधून होतात आणि त्यासाठी तिथे वेगळा कायदा आहे. आपल्याकडे हाच व्यवहार चौकात बांबूला टांगलेला असतो आणि त्याला ‘शुभेच्छुक’ म्हणतात.

आधी वही नीट चालते कुठे ते पाहू, कारण बऱ्याच ठिकाणी ती उत्तम चालते.

पांढरी पानं म्हणजे रोजचा खर्च. तारीख, खर्चाचं स्वरूप, वर्णन, नग किती, दर किती, एकूण रक्कम (दिलेली आणि देणं बाकी असलेली, दोन्ही मिळून), कोणाला दिले त्याचं नाव-पत्ता, बिल किंवा व्हाउचरचा क्रमांक. इथपर्यंत कुठल्याही दुकानाच्या कीर्दीसारखं. पुढे मात्र रक्कम तीन रकान्यांत फोडायची आहे: उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं केलेला खर्च, पक्षानं केलेला खर्च, आणि इतर कुणी व्यक्तीनं वा संस्थेनं केलेला खर्च, त्याच्या पूर्ण नावपत्त्यासह. हा तिसरा रकाना लक्षात ठेवा. पुढचा बराचसा मजकूर त्याच्याचबद्दल आहे.

पांढऱ्या पानांवर नवखे हिशेबनीस हमखास चुकतात ते तारखेत. पैसे कधी दिले हे इथे महत्त्वाचं नाही, वस्तू प्रचारात कधी वापरली हे महत्त्वाचं. कायद्यानं मोजायचा काळ अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून. पत्रकं तीन आठवडे आधी छापून घेतली, पैसे तेव्हाच चुकते केले, आणि वाटली अर्ज भरल्यानंतर, तर तो खर्च वहीत चढतोच. ‘बिल जुन्या तारखेचं आहे’ हे उत्तर चालत नाही. दुसरी चूक दराची. मित्राच्या ओळखीनं मांडव निम्म्या पैशात मिळाला तरी तपासणीच्या वेळी जिल्ह्याची दरसूची समोर ठेवली जाते. खुर्ची, सतरंजी, ध्वनिक्षेपक, फेटा, हार, चहा, वडापाव, प्रत्येकाचा दर तिथे ठरलेला असतो. स्वस्तात मिळालं असेल तर ते का, याचा कागद लागतो. नाहीतर दरसूचीचा आकडा लागतो.

गुलाबी पानं रोख रकमेची. इथला सगळ्यात चांगला रकाना शेवटचा आहे: शिल्लक रोकड कुठे, कोणाकडे आहे. दोन-तीन कार्यकर्त्यांकडे पैसे विभागून ठेवले असतील तर प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाकडची शिल्लक वेगवेगळी लिहायची. ज्यानं हा रकाना आखला त्याला प्रचार कसा चालतो हे ठाऊक होतं. रोखीची मर्यादा १०,००० रुपये, पण ती एका दिवसाची नव्हे. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून तेवढेच रोख देता येतात. चहावाल्याला सोमवारी ४,०००, गुरुवारी ४,०००, रविवारी ४,००० दिले की तिसऱ्या वेळी नियम मोडला. एकेक व्हाउचर वेगळं पाहिलं तर तिन्ही निर्दोष दिसतात आणि म्हणूनच हे शेवटच्या बेरजेपर्यंत लक्षात येत नाही. गुलाबी भागासोबत एका साध्या कागदावर पैसे घेणाऱ्यांच्या नावानुसार खतावणी ठेवली तर ही चूक होत नाही. वहीत त्यासाठी जागा नाही, ती असायला हवी होती.

पिवळी पानं बँकेची. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं उघडायचं. ते एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त. बायकोच्या किंवा भावाच्या नावासोबत चालत नाही, तोच प्रतिनिधी असेल तरच. स्वतःचे पैसेदेखील आधी या खात्यात आणायचे आणि मग खर्चायचे. खिशातून परस्पर पेट्रोल भरलं की पांढऱ्या पानावर खर्च दिसतो, पिवळ्यावर पैसा येताना दिसत नाही, आणि तपासणीला तेवढं पुरतं.

म्हणजे उमेदवाराच्या हातातून जाणाऱ्या पैशासाठी वही काटेकोर आहे. तीन भाग एकमेकांवर नजर ठेवतात. एका ठिकाणी लबाडी करायची तर तिन्ही ठिकाणी जुळवून करावी लागते, आणि तेवढी चिकाटी प्रचाराच्या धबडग्यात फार थोड्यांकडे असते.

आता तो तिसरा रकाना.

पुण्यातला निवडणुकीतला फ्लेक्स जरा जवळून पाहा. वर उजवीकडे पक्षाचे राष्ट्रीय नेते, त्यांच्या बाजूला राज्यातले. मधोमध हात जोडलेला उमेदवार, चिन्ह, मतदानाची तारीख. खाली पासपोर्ट फोटोच्या आकाराचे आठ-दहा चेहरे आणि त्यातला एक चेहरा इतरांपेक्षा थोडा मोठा, गॉगलसह किंवा गॉगलशिवाय. त्याच्या नावाआधी ‘शुभेच्छुक’ किंवा ‘सौजन्य’, नावानंतर प्रभागाचा उल्लेख. अगदी तळाशी, वाचायला वाकावं लागेल अशा अक्षरात, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या. ही ओळ नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या फ्लेक्सचे पैसे शुभेच्छुकानं दिले आहेत. प्रचार झाला लोकसभेच्या उमेदवाराचा. जाहिरात झाली दोघांची.

पुण्यात हे २०२४ मध्ये नेहमीपेक्षा जास्त दिसलं, त्याला कारण होतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात १३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक व्हायला निघालेली मंडळी फ्लेक्सवरून उतरायला तयार नव्हती, आणि चेहरा दाखवायला लोकसभेच्या उमेदवाराइतकी भक्कम भिंत दुसरी नव्हती. पैसा महापालिकेच्या राजकारणासाठी बाजूला काढलेला, काम दिल्लीच्या निवडणुकीचं.

आता हा खर्च कोणत्या वहीत? शुभेच्छुकाकडे त्या वेळी वहीच नव्हती, कारण त्याची निवडणूक जाहीर झालेली नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये अर्ज भरून त्याचा हिशेब सुरू झाला तेव्हा मे २०२४ ही इतिहासजमा तारीख होती. शिवाय महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे, लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, त्यामुळे कागदही वेगळे. उरते ती लोकसभेच्या उमेदवाराची पांढरी पानं आणि त्यातला ‘इतर’चा रकाना. तिथे तो चढला नाही तर हा पैसा जगात कुठेच नोंदला जात नाही.

आकड्यात मांडू. दर इथे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत, खरे दर त्या त्या निवडणुकीच्या दरसूचीत पाहायचे. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स म्हणजे २०० चौरस फूट. चौरस फुटाला १० रुपये धरले तर छपाई २,०००. बांबू, चौकट, बांधायची मजुरी धरून आणखी १,०००. जागेचं भाडं सोडून द्या. एका शुभेच्छुकानं ३० फ्लेक्स लावले तर ९०,००० रुपये. असे २५ शुभेच्छुक असले की साडेबावीस लाख. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराची ४० लाख आहे. म्हणजे लोकसभेला जवळजवळ पाव मर्यादा आणि विधानसभेला निम्म्याहून जास्त मर्यादा, उमेदवाराच्या खात्यातला एक रुपया न हलता.

कायद्याची शब्दरचना इथे नेमकी वाचावी लागते. कलम ७७ उमेदवाराला हिशेब ठेवायला सांगतं तो स्वतः किंवा प्रतिनिधीनं ‘केलेल्या किंवा प्राधिकृत केलेल्या’ खर्चाचा. शुभेच्छुकाला उमेदवारानं सांगितलंच नव्हतं, असं म्हटलं की खर्च बाहेर. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या १९७४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला होता: पक्षानं केलेला खर्च उमेदवारानं जाणून स्वीकारला, नाकारला नाही, तर त्याची मूक संमती धरावी. महिना उलटायच्या आत वटहुकूम आला आणि पक्षाचा नि इतरांचा खर्च पुन्हा हिशेबाबाहेर गेला. २००३ च्या दुरुस्तीनं ते दार बरंच लोटलं. आता सूट उरली आहे ती पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती.

दुसऱ्या बाजूनं फौजदारी कायदा शुभेच्छुकाला धरतो. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचाराची सभा, जाहिरात, पत्रक यांवर कुणी खर्च केला तर तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १७१-एच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, दंड दहा हजारांपर्यंत. या कलमात एक सवलतही आहे: खर्च दहा रुपयांपर्यंतचा असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवली तर गुन्हा नाही. दहा रुपये. नव्या संहितेत दंड वाढवला, हे दहा रुपये मात्र तसेच ठेवले. पुण्यात दहा रुपयांत वडापाव येत नाही, फ्लेक्सचा एक चौरस फूट कदाचित येईल.

तेव्हा उमेदवाराच्या हिशेबनिसासमोर शुभेच्छुकाचा फ्लेक्स दिसला की दोनच मार्ग असतात आणि दोन्ही त्याच दिवशी कागदावर यावे लागतात. एक, लेखी अधिकारपत्र द्यायचं, बिलाची प्रत मागवायची आणि ‘इतर’च्या रकान्यात शुभेच्छुकाच्या नावपत्त्यासह पूर्ण रक्कम लिहायची. पूर्ण, अर्धी नव्हे. फ्लेक्सवर दोघांचे चेहरे आहेत म्हणून निम्मा खर्च शुभेच्छुकाचा, ही वाटणी चालत नाही, कारण वाटणी उमेदवारांमध्ये होते आणि तो त्या निवडणुकीत उमेदवारच नाही. दोन, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला पत्र द्यायचं की हा फ्लेक्स आमच्या परवानगीशिवाय लागला आहे, उतरवावा आणि कारवाई करावी. पोचेची प्रत जपून ठेवायची. पण स्वतःच्याच कार्यकर्त्याविरुद्ध असं पत्र कोण देणार? म्हणून तिसरा, गैर पण लोकप्रिय मार्ग निघतो: फ्लेक्स पाहिलाच नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न उलट्या टोकाकडून धरला आहे. तिथे केंद्रीय पातळीवर उमेदवाराच्या एकूण खर्चाला सर्वसाधारणपणे मर्यादा नाही, मर्यादा आहे देणगीवर: कोण देऊ शकतो आणि किती. कंपन्या आणि कामगार संघटना केंद्रीय उमेदवाराला थेट देणगी देऊ शकत नाहीत. काही राज्यांच्या निवडणुकीत मात्र ते चालतं, काही राज्यांत तर रकमेलाही मर्यादा नाही. म्हणून राज्याच्या प्रचारखात्यातला पैसा किंवा सामान केंद्रीय उमेदवाराच्या खात्याकडे वळवायला तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या नियमांत बंदी आहे. २००२ च्या कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं: राज्यातल्या उमेदवारानं केंद्रीय नियमांत न बसणाऱ्या पैशातून अशी जाहीर जाहिरातही करायची नाही, जी केंद्रीय उमेदवाराला उचलून धरते किंवा त्याच्यावर हल्ला करते. तक्रार लेखी आणि शपथेवर, नोटरीसमोर सही केलेली. ज्याच्यावर आरोप त्याला उत्तराला १५ दिवस. आयुक्तांच्या जागा सहा, एका पक्षाचे तीनहून जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मतं. तीन-तीन पडली की प्रकरण जागच्या जागी.

थोडक्यात, तिथे विचारतात पैसा कुणाच्या गल्ल्यातून आला, इथे विचारतात खर्च कोणाच्या वहीत गेला. आपली वही त्या गल्ल्याबद्दल काही विचारत नाही. शुभेच्छुकानं ते पैसे बांधकाम व्यावसायिकाकडून घेतले, मंडळाच्या वर्गणीतून घेतले की घरचं सोनं मोडून, ‘इतर’च्या रकान्याला फक्त शुभेच्छुकाचं नाव पुरतं. हा दोष हिशेबनिसाचा नाही, आखणीचाच आहे.

खर्च मोजायच्या काळाबद्दलही सांगायला हवं, कारण पुण्यात ती सणांशी भांडते. गणेशोत्सवातल्या कमानी आणि दहीहंडीचे फ्लेक्स बहुतेक वेळा अर्ज भरण्याच्या आधीचे, म्हणून त्या काळाबाहेर. २०२४ च्या विधानसभेला मात्र अर्जांची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर आणि नरक चतुर्दशी होती ३१ ला. म्हणजे त्या वर्षीची दिवाळी पहाट बरोबर त्या काळाच्या आत आली. पहाटेच्या गाण्यांचा कार्यक्रम एका भावी नगरसेवकाचा, निमंत्रणपत्रिका त्याची, उटणं नि फराळाची पाकिटं त्याची, आणि सत्काराला मंचावर विधानसभेचा उमेदवार. अशा वेळी विचारायचा प्रश्न साधा असतो: पत्रिकेवर, मंचामागच्या पडद्यावर किंवा पाकिटावर उमेदवाराचं नाव, फोटो, चिन्ह आहे का? असेल तर गायकाच्या मानधनापासून सतरंजीपर्यंत सगळं पांढऱ्या पानावर यायला हवं. उमेदवार नुसता पहिल्या रांगेत बसून गाणं ऐकून गेला असेल तर गोष्ट वेगळी, पण पुण्यात पहिल्या रांगेतल्या उमेदवाराला कुणी नुसतं गाणं ऐकू देत नाही.

मंचाचा नियम तुलनेनं स्वच्छ आहे. स्टार प्रचारकानं (म्हणजे प्रवासखर्चाची सूट असलेल्या, पक्षाच्या यादीतल्या नेत्यानं) उमेदवारासोबत मंच घेतला किंवा सभेत उमेदवाराचे फोटो लागले, तर सभेचा खर्च उमेदवाराचा. दोन-तीन उमेदवार मंचावर असतील तर त्यांच्यात समान वाटणी. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक मिळतात, नोंदणीकृत पण अमान्य पक्षाला २०, आणि यादी अधिसूचनेपासून सात दिवसांत द्यावी लागते. यादीत नाव नसलेला नेता आला तर त्याच्या प्रवासालाही सूट नाही. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी येण्याचा प्रसंग महाराष्ट्रात नुकताच नांदेडला आला होता. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथे विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूक होती. एकाच मंचावर दोन पातळ्यांचे उमेदवार, म्हणजे एकाच सभेची नोंद दोन प्रकारच्या वह्यांमध्ये, आणि दोन्हीकडची बेरीज जुळली पाहिजे.

गाड्यांचा भाग थोडक्यात. परवान्याची मूळ प्रत काचेवर हवी आणि तिच्यावर ज्या उमेदवाराचं नाव त्याच्यासाठीच गाडी. एखाद्या अपक्षाच्या नावानं परवाने घ्यायचे आणि गाड्यांवर भोंगा दुसऱ्याचा लावायचा, हा जुना उद्योग आहे. पकडली गेली तर परवाना रद्द आणि वर सांगितलेलंच लेखी अधिकाराचं कलम.

वहीवर पहारा ठेवणारी दुसरी वही सरकारकडे असते. तिला कार्यालयात सगळे शॅडो रजिस्टर म्हणतात. चित्रीकरण पथकं सभा-फ्लेक्स टिपतात, दुसरं पथक ते बघून वस्तू मोजतं, हिशेब पथक दर लावून प्रत्येक उमेदवाराच्या नावे लिहितं. प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा उमेदवाराची वही तिच्याशी ताडून पाहतात. वही दाखवलीच नाही तर नोटीस, मग गाड्यांची परवानगी जाऊ शकते. तफावत दिसली तर २४ तासांत नोटीस आणि ४८ तासांत उत्तर. उत्तर न दिलं तर तो खर्च मान्य आहे असं धरतात.

पुणे लोकसभेचं शॅडो रजिस्टर वाचताना भूगोल पक्का हवा. मतदारसंघात सहा विधानसभा: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा पेठ. हडपसर शिरूरमध्ये, खडकवासला बारामतीत. पुण्याच्या उमेदवाराचा फ्लेक्स धायरीत लागला तर तिथलं पथक बारामतीच्या उमेदवारांच्या नावांची यादी घेऊन फिरत असतं. पुण्यातला चेहरा त्याच्या यादीत नसतो. शुभेच्छुक मंडळी प्रभागाच्या हद्दीप्रमाणे फ्लेक्स लावतात, लोकसभेच्या नाही, म्हणून अशा शिवेवरच्या फ्लेक्सची तक्रार स्पष्ट शब्दांत करावी लागते: कोणत्या मतदारसंघाचा उमेदवार, कोणत्या हद्दीत.

तक्रारीसाठी सी-व्हिजिल ॲप आहे. ते २०१८ मध्ये आलं आणि फ्लेक्सच्या बाबतीत चांगलं चालतं. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ ॲपमधूनच घ्यावा लागतो, गॅलरीतला चालत नाही. ठिकाण आपोआप नोंदतं. टिपल्यावर पाच मिनिटांत पाठवायचं. नाव न देताही पाठवता येतं, पण मग पुढचा मागोवा मिळत नाही. १०० मिनिटांत निकाल लावायचा दावा आहे. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या आणि क्रम असा ठेवा: आधी चौक ओळखू येईल असा लांबून, मग पूर्ण फ्लेक्स, मग शुभेच्छुकाचा पट्टा, शेवटी तळाची मुद्रकाची ओळ दोन-तीन सेकंद स्थिर. ती ओळ नसेल तर नसलेली जागा दाखवा. वर्णनात नुसतं ‘अनधिकृत फ्लेक्स’ लिहिलं तर फ्लेक्स उतरतो आणि विषय मिटतो. फ्लेक्स उतरवणं वेगळं आणि त्याचा खर्च वहीत चढवणं वेगळं. म्हणून ‘दरसूचीप्रमाणे मूल्य काढून उमेदवाराच्या खर्चात धरावे’ हे वाक्य लिहायचं आणि त्याच मजकुराचं पत्र खर्च निरीक्षकांकडेही द्यायचं.

मुद्रकाकडचा माग बहुतेक लोक विसरतात. छापण्याआधी प्रकाशकानं ओळखपटणीचं निवेदन द्यायचं असतं, त्याला वैयक्तिक ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह. छापल्यावर मुद्रकानं ते निवेदन नमुना प्रतींसह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं, प्रती किती नि पैसे किती हे सांगून, आयोगाच्या सूचनेप्रमाणे तीन दिवसांत. सदाशिव-नारायण पेठेतले जुने छापखानेवाले हे नियम तोंडपाठ सांगतात. फ्लेक्सचं यंत्र टाकून बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असतातच असं नाही. शुभेच्छुकाचा फ्लेक्स उमेदवाराच्या वहीत नसला तरी मुद्रकाच्या निवेदनात असू शकतो. ती दोन कागदं शेजारी ठेवणं हे निवडणुकीच्या हिशेबातलं सगळ्यात फलदायी काम आहे आणि ते फार कमी जण करतात.

वहीतला मजकूर खरा आहे की नाही हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे की फक्त ती वेळेत आली का एवढंच पाहायचं, यावर बराच वाद झाला. भोकर मतदारसंघातल्या २००९ च्या निवडणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सांगितलं की खरेपणाही तपासता येतो. त्याच प्रकरणातला आयोगाचा पुढचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केला, ही दुसरी बाजू. हिशेब न देणं किंवा रीतसर न देणं यासाठी कलम १०-क खाली तीन वर्षं अपात्रता होऊ शकते. मर्यादा ओलांडणं हे भ्रष्ट आचरण, त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका लागते.

आणि तिथे तारखा फार आवळून आहेत. निकालानंतर २६ व्या दिवशी हिशेब जुळवणीची बैठक, तिथे उमेदवार शॅडो रजिस्टरमधली तफावत मान्य किंवा अमान्य करतो. तिसाव्या दिवसापर्यंत वही जमा. याचिकेची मुदत ४५ दिवस. म्हणजे शेवटच्या दिवशी जमा झालेली वही पाहून, ताडून, वकील गाठून याचिका टाकायला हातात पंधरा दिवस.

वही पाहायची फी कायद्यानं एक रुपया आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ८८: एक रुपया भरून कुणीही कोणत्याही उमेदवाराचा हिशेब पाहू शकतो, वेगळी फी भरून साक्षांकित प्रत घेऊ शकतो. ‘तुम्ही मतदार आहात का, कशासाठी हवं’ असं विचारलं तर नियमाचा क्रमांक सांगा. आत गेल्यावर गुलाबी-पिवळ्या पानांत वेळ घालवू नका, ती बहुधा जुळलेली असतात. पांढऱ्या पानांवर ‘इतर’चा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहा. पानामागून पान ‘निरंक’ दिसलं, तर मोबाइलमधले चौकातले फोटो काढा, शुभेच्छुकांची नावं मोजा आणि अर्ज लिहायला घ्या. सुटा रुपया मात्र घरूनच न्यायचा.